मलकपेठचं घर मी कसं मोकळं केलं

ये गं सुमे, अशी जवळ ये. त्या खुर्चीवर नको, इथं माझ्या पलंगाशी बस. आणि मान खाली घालू नकोस, मी रागावणार आहे ते मान वर ठेवूनही ऐकता येतं. घर विकायला काढलंस, रंगारी बोलावलेस, दलाल नेमलास, आणि मला कोण सांगतं? दूधवाला! सख्ख्या मावशीला दूधवाल्याकडून कळावं? शोभतं का हे? एकदा मला विचारायचं तरी होतंस. घर दाखवण्याआधी ते मोकळं कसं करावं, यात माझ्याइतकी जाणती बाई अख्ख्या हैदराबादेत सापडायची नाही. मलकपेठचं आमचं घर मी एका दुपारी मोकळं केलं होतं. दोन ते चार. हमाल नाही, मजुरी नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांनीच सामान उचललं!

हसतेस काय? ऐक.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. (आता त्र्याऐंशीव्या वर्षी तेवढं कळत नाही.) तुझे काका अदालतीत पेशकार होते, म्हणजे मुन्सफापुढे कागद वाचून दाखवायचे. मुलं व्हायची होती. घरात माणसं तीन: हे, मी आणि सासूबाई. चार खोल्या, पुढे ओसरी, मागे अंगण. तीन माणसांना चार खोल्या म्हणजे ऐसपैस, असं तुला वाटेल. मलाही लग्नाआधी तसंच सांगितलं होतं. पण त्या चार खोल्यांत आधी सासूबाईंचं सामान राहत होतं, आणि उरलेल्या जागेत आम्ही.

काय नव्हतं त्या घरात! दोन हात लावल्याशिवाय न हलणारं घंगाळ. ह्यांचा पाळणा. (हे तेव्हा चौतीस वर्षांचे.) लोणच्याच्या बावीस बरण्या, त्यातल्या काही माझ्या लग्नाआधीच्या. तीन पायांची खुर्ची. मामंजींचा हुक्का. यातलं काही हलवू म्हटलं की सासूबाईंचं एकच उत्तर, "असू दे, लागतं."

"आई, ही खुर्ची तीन पायांची आहे."

"असू दे. भिंतीला टेकवून लागते."

"आणि मामंजींचा हुक्का?"

"असू दे. लागतो."

मामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली होती! हुक्का कुणाला लागतो, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

आणि स्वयंपाकघर? चौथी खोली, एकही खिडकी नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून दहा वर्षं मी त्या धुरात भाकरी थापल्या. डोळे कायम लाल. बायका विचारायच्या, "काय गं, सासू छळते का?" मी म्हणायची, "नाही हो, चूल." त्यामुळे ह्यांनी हिमायतनगरला जागा घेतली तेव्हा मी घराच्या नकाशात एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकघराला पूर्वेकडे दोन खिडक्या. दोन! ह्यांनी माझ्यासमोर पेन्सिलीने काढून दाखवल्या. मी तो कागद पोथीत ठेवला होता, रोज वाचताना बघायची. नव्या घराच्या भिंती कमरेपर्यंत आल्या, आणि काम थांबलं. मलकपेठचं घर विकल्याशिवाय पुढची वीट चढणार नव्हती. म्हणजे माझ्या खिडक्या जिथून सुरू व्हायच्या, बरोबर तिथंच काम अडलं!

घर विकून द्यायला रहमत मियाँ नावाचे दलाल होते. सज्जन माणूस. त्यांनी एकामागून एक पाच गिऱ्हाइकं आणली. पाचही परत गेली. पाचव्याने तर चौथ्या खोलीत उभं राहून विचारलं, "और चौथा कमरा किधर है?"

त्या दिवशी रहमत मियाँ ओसरीवर बसून कपाळ पुसत मला म्हणाले, "बाई साब, बुरा नक्को मानो. घर में सामान इत्ता है कि घर दिखताइच नईं. लोगां दीवारां खरीदते, मर्तबानां नईं."

मी म्हटलं, "सासूबाई त्या बरण्या सोडत नाहीत ना!"

"अब एकीच गिराक बचा, बाई साब. वकील साब हैं. बहुत बड़े लोगां, बहुत तहज़ीब वाले. उनकी बेगम खुद आके अंदर का घर देखतीं. ये गए तो मैं किधर से लाऊँ?"

झालं! मी पदर खोचला. घर कसं तयार करायचं ते मी ठरवलं. एक, चारही खोल्यांना पांढरा चुना. दोन, सामान बाहेर.

चुन्याला सासूबाईंची हरकत नव्हती. सामानाला हात लावायचा नाही, एवढीच अट. चुनेवाल्यांनी पहिली खोली घेतली तेव्हा त्यातलं सगळं दुसऱ्या खोलीत गेलं. दुसरी घेतली तेव्हा दोन्हींचं तिसरीत. तिसरी घेतली तेव्हा तिन्हींचं चौथीत, आणि त्या दिवशी मी दारात चूल मांडून स्वयंपाक केला. चौथी घ्यायची वेळ आली तेव्हा सगळं सामान प्रदक्षिणा घालून परत पहिलीत, अजून ओल्या असलेल्या भिंतींना टेकून! दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक वस्तूची एक बाजू पांढरी आणि प्रत्येक भिंतीवर बरण्यांचे गोल गोल ठसे. ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "वा! आता भिंतींवरही सामान दिसतं."

सासूबाईंना मात्र हुरूप आला. "एवढं घर पांढरं झालं, आता भांडी काळी बरी दिसत नाहीत," म्हणून त्यांनी चिंच भिजवली आणि पाच दिवस भांडी घासली. घंगाळात तोंड दिसायला लागलं. हुक्क्याला चकाकी आली. बरण्यांना नवी फडकी बांधली गेली, लाल. मग त्यांनी ते सगळं चार खोल्यांत ओळीने मांडलं. आधी घर नुसतं भरलेलं होतं, आता ते चमकायला लागलं. कुणाची नजर भिंतीकडे जाईल, याची सोयच राहिली नाही!

मी ठरवलं, सामान हलत नाही तर न हलू दे. आपण रीतीने जिंकू.

शेजारी जैनब आपा राहायच्या. फार खानदानी बाई, माझ्यावर माया करायच्या. त्यांची माझी भेट मागच्या अंगणातल्या भिंतीवरून. मी उलट्या बादलीवर उभी राहायची, त्या तिकडून कशावर उभ्या राहायच्या ते मला अजून माहीत नाही. मी म्हटलं, "आपा, बड़े लोगां आ रहे. कैसा बोलना, सिखाओ."

"दुलन, डर नक्को. मुस्करा के मिलना. शरबत देना. और देख, हैदराबाद का दस्तूर है, मेहमान जिस चीज़ की तारीफ़ करे, फ़ौरन बोलना, 'आप ही का है!' चुप नईं रहना, चुप रहे तो कंजूस समझते. फिर सुन—"

इतक्यात आत चर्र झालं. दूध! मी बादलीवरून उडी मारली ती थेट चुलीपाशी. परत आले तेव्हा आपा घरात गेल्या होत्या. मी म्हटलं, असू दे, मुख्य ते कळलं. दिवसभर मी घोकत होते. आप ही का है. आप ही की है. आप ही के हैं. माझी तयारी पूर्ण होती.

आणखी एक हुशारी केली मी. चातुर्मास चालू होता आणि सासूबाईंचं मौन असायचं. सकाळी देवाला फूल वाहिलं की तोंड मिटायचं, ते तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावून उघडायचं. सोळा वर्षांत कधी मोडलं नव्हतं. रहमत मियाँनी विचारलं, "दोपहर को लाऊँ कि शाम को?" मी ताडकन म्हटलं, "दोपहर को!" सासूबाई बोलणार नाहीत, यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? (मला माझं फार कौतुक वाटलं.)

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पाचवारी नेसले. बड्या बायका तशाच नेसतात, असं ऐकलं होतं. आमची नऊवारी कशी, नेसली की माणूस मोकळा. या पाचवारीच्या निऱ्या मात्र दर चार पावलांनी खाली यायला बघत. म्हणून एक हात निऱ्यांवर आणि एक हात पाहुण्यांसाठी, असा मी बेत केला.

दोन वाजता टांगा आला. शेरवानी आणि रूमी टोपी घातलेले वकीलसाहेब ओसरीवर ह्यांच्याजवळ बसले. रहमत मियाँ पायरीवर. चिकाचा पडदा सरकवून बेगमसाहेबा आत आल्या, मागे त्यांची दणकट मोलकरीण, यल्लम्मा. बेगमसाहेबा माझ्याच वयाच्या, अंगावर रेशमी पाचवारी, वरून शाल, कपाळी कुंकू. मी ओळखलं, शहरातल्या जुन्या कायस्थ घराण्यातल्या असणार, तिथं बायकासुद्धा उर्दूत स्वप्नं पाहतात. चाल काय सुंदर! अगदी हळू, एक हात कायम पोटाशी धरलेला. मी मनात म्हटलं, याला म्हणतात नजाकत.

"आदाब अर्ज़ है," त्या म्हणाल्या.

"आदाब, आदाब," मी म्हटलं. "तशरीफ़ रखिए."

शरबत झालं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर पितळी पानदान लखलखत होतं.

"क्या खूब पानदान है!"

मला इतका आनंद झाला! इतक्या लवकर वेळ येईल असं वाटलं नव्हतं. "आप ही का है!"

त्या एकदम लाल झाल्या. माझ्याकडे पाहिलं, पानदानाकडे पाहिलं. मग मान झुकवून, मेहेरबानी मानत म्हणाल्या, "नवाज़िश." आणि मागे वळून तेलुगूत, "यल्लम्मा, तीस्को!"

यल्लम्माने पानदान उचललं आणि टांग्यात नेऊन ठेवलं!

मी चकित. पण लगेच स्वतःला समजावलं: बड्या लोकांची रीत असेल, उद्या परत पाठवत असतील. आणि नाही पाठवलं तरी काय? एका पानदानात दोन खिडक्या!

पुढच्या खोलीत नवी सतरंजी होती. "सतरंजी के रंग बहुत अच्छे हैं."

"आप ही की है!"

"नवाज़िश. यल्लम्मा, तीस्को."

सतरंजीची गुंडाळी झाली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई दिसल्या. तोंड मिटलेलं, डोळे असे मोठे. त्या दोन्ही हात जोरजोराने हलवत होत्या. मला वाटलं, दे, दे म्हणताहेत! मला तर भरूनच आलं. इतकी वर्षं ज्यांनी सुतळीचा तुकडा टाकू दिला नाही, त्या माझ्या खिडक्यांसाठी एवढ्या उदार झाल्या? मला जोर चढला.

"ये घंगाळ... कितना बड़ा है."

"आप ही का है!"

"ये मर्तबान... बहुत हैं."

"सब आप ही के हैं!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, पाहुण्यांना आदाब करताहेत. मीही मान डोलावून त्यांना शाबासकी दिली.

बावीस बरण्या न्यायला यल्लम्माला अकरा खेपा पडल्या. गंमत म्हणजे, बेगमसाहेबांचा चेहरा दर वस्तूगणिक उतरत चालला होता. घाम आला होता. तारीफही विचित्र होत चालली. पाळण्याकडे पाहून म्हणाल्या, "ये... लकड़ी का है." मी म्हटलं, "आप ही का है!" तीन पायांच्या खुर्चीपुढे फार वेळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "इसका एक पाँव नईं है." मी म्हटलं, "आप ही की है!" हुक्क्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, मीच पुढे केला. कंजूस समजायला नको!

मग त्या जात्यापाशी आल्या. दगडी जातं, सासूबाईंच्या सासूबाईंचं. त्या जरा सावरल्या, चेहऱ्यावर हुशारी आली आणि मोठ्याने म्हणाल्या, "ये जाता बहुत भारी है. बहुतइच भारी!"

"आप ही का है!"

यल्लम्माने जात्याकडे पाहिलं, बाईसाहेबांकडे पाहिलं, आणि तेलुगूत बरंच काही बोलली. मला तेलुगू येत नाही, पण त्यातलं काही चांगलं नव्हतं. शेवटी टांगेवाल्याला हाक मारून दोघांनी ते लोटत लोटत बाहेर काढलं.

आणि ओसरीवर काय चाललं होतं, ते ह्यांनी मला नंतर सांगितलं. पुरुषांच्या डोळ्यांसमोरून आमचं घर एकेक करत टांग्यात चाललं होतं! पण दोघेही अदालतीतले, दोघेही तहजीबवाले. ह्यांना वाटलं, आपल्याच सामानाबद्दल पाहुण्याला विचारणं बरं दिसणार नाही. वकीलसाहेबांना वाटलं, यजमान काही बोलत नाहीत त्या अर्थी इथं असंच असेल. म्हणून दोघं हवापाण्याविषयी बोलत राहिले. मध्ये पाळणा गेला. वकीलसाहेब म्हणाले, "इस साल गर्मी ज़ियादा थी." हे म्हणाले, "जी, बेशक." मग हुक्का गेला. रहमत मियाँ तेवढे पायरीवर बसून हात चोळत होते, "सुभानल्ला! देखने को आए, और रहने की तय्यारी!"

आत चारही खोल्या रिकाम्या. मला स्वतःलाच घर ओळखू येईना. पाऊल टाकलं की आवाज घुमायचा. बेगमसाहेबा मधल्या खोलीत उभ्या राहिल्या, चारी बाजूंना पाहिलं. तारीफ करायला काही उरलं नव्हतं. मग त्यांनी सुटकेचा असा लांब श्वास सोडला, पहिल्यांदाच मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "मकान बहुत अच्छा है!"

सुमे, तुला सांगते, त्या वेळी मला थांबता आलं असतं. चिकाच्या पडद्याबाहेर ह्यांच्या खुर्चीचा करकर आवाज झाला, तोही मी ऐकला. पण दोन तास जीभ एकाच उताराने धावत होती. ती थांबते होय?

"आप ही का है!"

आणि त्यांचीही मान दोन तासांच्या सवयीने आपोआप खाली गेली. "नवाज़िश. क़बूल है."

"अगं ए भवाने!"

अख्खं घर हादरलं. सोळा वर्षांचं मौन मोडलं होतं! सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या थेट माझ्यापुढे. "सामान दिलंस, जातं दिलंस, आता घरही दिलंस? आता मी तेवढी उरले आहे! मला पण घाल त्या टांग्यात!"

माझ्या निऱ्या सुटल्या. मी दोन्ही हातांनी धरल्या. आणि समोर बघते तर बेगमसाहेबांच्याही निऱ्या सुटलेल्या, त्याही दोन्ही हातांनी धरून उभ्या, आणि तोंडाचा आ करून म्हणताहेत, "अगंबाई! तुम्ही मराठी?"

"म्हणजे तुम्ही पण?"

"अहो, आम्ही बीडचे! इथं येऊन तीन महिने नाही झाले!"

आणि त्या मटकन खाली बसल्या, सतरंजी नव्हतीच, तशाच जमिनीवर. डोळ्यांत पाणी. "मला आमच्या मुन्शीजींनी सांगितलं होतं. हैदराबादेत कुणाच्या घरी गेलं की गोष्टींची तारीफ करायची, आणि कुणी काही दिलं तर 'ना' म्हणायचं नाही, फार बेअदबी होते. तुम्ही पहिलं पानदान दिलंत आणि मला घामच फुटला हो! तारीफ करावी तर तुम्ही देता, दिलं तर घ्यावं लागतं! त्या खुर्चीची मी निंदा केली, तरी दिलीत. शेवटी म्हटलं, जात्याची तारीफ करू, जातं कोण देणार? तर तेही! मग म्हटलं आता घराचीच करावी, घर काही यल्लम्मा उचलणार नाही!"

"आणि ही साडी?" मी विचारलं.

"पहिल्यांदाच नेसले. सगळा वेळ पोटाशी धरून चालतेय."

माझी ती नजाकत!

आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेना. पडद्याबाहेरून ह्यांचा आवाज आला, "काय झालं?"

मी म्हटलं, "अहो, हे लोक मराठी आहेत!"

"हो मग," हे शांतपणे म्हणाले. "नावावरून कळलंच होतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

गलका ऐकून भिंतीपलीकडून जैनब आपांचं डोकं वर आलं. काय झालं ते मी अंगणात जाऊन सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "या अल्ला! दुलन, मैं बोल रईच थी ना, फिर सुन, फिर सुन! आधा सुन के भाग गई! मेहमान जवाब में बोलता, 'आपके घर में ही सजता है', और चीज़ अपनी जगा पे रहती! कोई लेता थोड़ी!"

म्हणजे बघ, रीत एकच. अर्धी मला माहीत, अर्धी बीडच्या बाईंना, तीही चुकीची. आणि जोडणारा दुवा दुधाबरोबर उतू गेला!

एवढ्यात वकीलसाहेब, आता सगळे घरचेच झाले म्हणून, टोपी काढून आत आले. चारी खोल्यांतून फिरले. स्वयंपाकघरात तर दोन फेऱ्या मारल्या. मग मधल्या खोलीत उभं राहून म्हणाले, "अहो पेशकारसाहेब, बाहेरून वाटत नाही हो, केवढं मोठं घर आहे हे! आणि ह्या भिंतींवरची गोल गोल नक्षी कुणी काढली?"

त्या घराच्या भिंती पाहणारा तो पहिला माणूस. ओसरीवरच बोलणं झालं. फुकटाचं नव्हे, घाबरू नकोस, रीतसर. रहमत मियाँनी माझ्याकडे पाहून हात कपाळाला लावला. "बाई साब, पंद्रा साल से मकानां बेच रऊँ. ऐसा खाली करना हमना को नईं आता." मीही गंभीरपणे मान हलवली. खरं काय ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सामान मात्र परत उतरवताना भांडण झालं. कमलाबाई (बेगमसाहेबांचं नाव कमलाबाई निघालं) म्हणाल्या, सगळं तुमचंच, घ्या. यल्लम्मा म्हणाली, मी आता काहीही उचलणार नाही. शेवटी ह्यांनी आणि वकीलसाहेबांनी शेरवान्यांच्या बाह्या वर सारून बरण्या उतरवल्या. सासूबाई टांग्यापाशी उभ्या राहून मोजून घेत होत्या, "एकवीस... बाविसावी कुठाय? ती लिंबाची! लागते!"

सगळं परत आलं. सासूबाईंनी तुळशीपुढे दिवा लावला आणि देवाची माफी मागितली, ती बरीच मोठ्याने, मला ऐकू जाईल अशी. "देवा, सून वेंधळी दिलीस म्हणून मौन मोडलं. माझ्या खात्यावर घालू नकोस, तिच्या घाल." मग आत येऊन त्यांनी कमलाबाईंच्या ओटीत नारळ घातला, पाठीवरून हात फिरवला आणि बाविसावी बरणी, ती लिंबाची, आपल्या हाताने त्यांना दिली! मी दहा वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते पाहत उभी राहिले.

कमलाबाईंना गहिवरून आलं. वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती छान आहेत हो तुमच्या सासूबाई!"

हे ओसरीवरून धावत आत आले. रहमत मियाँ उठून उभे राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडलं होतं, जीभ टाळ्याला लागली होती.

आणि मी गप्प बसले. आयुष्यात एकदाच मी वेळेवर गप्प बसले, सुमे, आणि त्यानंतर हिमायतनगरच्या त्या नव्या घरात, दोन खिडक्यांच्या उजेडात बावीस बरण्या पुसताना (ती एक त्यांनी पुन्हा घातली!), कितीदा तरी माझ्या मनात आलं की नेमकं तेव्हाच बोलायला हवं होतं.

चल, आता तुझा चहा निवला. तुझ्या त्या दलालाला सांग, मावशी आली की दाखवायचं घर. आणि तू पुढच्या आठवड्यात ये परत, लवकर ये, दूधवाल्याच्या हाती निरोप धाडू नकोस. नातवंडांनाही आण. मी सगळ्यांना बसवून नीट शिकवेन, घर कसं विकायचं ते. अर्धंच येतं मला, पण तेवढं फार चांगलं येतं.